भावाने देव नाकारला, आता देवही त्याला सोडून देईल का?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश, नाव आणि ओळखीचे तपशील वगळून:

"मी आणि धाकटा भाऊ एकाच मंडळीत वाढलो. तो रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचा. त्याचं लग्न मोडलं आणि हळूहळू त्याने उपासनेला येणं सोडलं. आता तो उघड सांगतो, माझा देवावर विश्वास उरलेला नाही. मी त्याला रोज सकाळी एक वचन पाठवते, भेटला की विषय काढते. मध्यंतरी त्याने लिहिलं, 'ताई, बहीण म्हणून फोन करणार असशील तर कर. प्रचारक म्हणून करू नकोस.' मी फार दुखावले. मंडळीतल्या एका वडीलजनांना सांगितलं, तर ते म्हणाले, आता पायांची धूळ झटकून टाका. देवाला झिडकारणाऱ्याच्या संकटकाळी देव हसतो, असं नीतिसूत्रांत लिहिलंय. दुसरीकडे यहेज्केलातला पहारेकरी मला झोपू देत नाही. मी गप्प बसले आणि भाऊ तसाच गेला, तर त्याच्या रक्ताचा जाब देव माझ्याकडे मागेल का? देवाची करुणा त्याच्यापुरती संपली का? त्याच्यासाठी रडू येतं तेव्हा वाटतं, माझाच विश्वास कमी पडतोय. मी काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते तुमच्या भावाचं आहे. 'बहीण म्हणून फोन करणार असशील तर कर.' तुम्हाला त्यातला पुढचा भाग लागला, आणि लागणं स्वाभाविक आहे. पण पहिला भागही त्यानेच लिहिला आहे. ज्याला नातं तोडायचं असतं तो 'फोन कर' असं म्हणत नाही. तो नंबर बदलतो. तुमच्या भावाने एक दार बंद केलं आणि त्याच श्वासात दुसरं उघडं असल्याचं सांगितलं. सगळ्या वचनांकडे वळण्याआधी हे तुमच्या लक्षात यावं असं मला वाटतं, कारण तुम्ही पत्र लिहिताना तो हातातून गेलाच असं धरून लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही धरून चालला आहात ती म्हणजे त्याने देवाला नाकारलं. असेलही. तो तसं म्हणतो आणि त्याचं म्हणणं खरं मानायला हवं. पण त्याचं लग्न मोडलं तेव्हा मंडळीत लोक त्याच्याशी कसे वागले, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. त्याच्याकडून रविवारच्या शाळेचा वर्ग काढून घेतला का? त्याच्याविषयी प्रार्थनेच्या नावाखाली चर्चा झाली का? मला माहीत नाही. तुम्हालाही कदाचित पूर्ण माहीत नसेल. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी येशू यरुशलेमसाठी हळहळतो: कोंबडी आपली पिल्लं पंखांखाली घेते तसं तुझ्या मुलांना जवळ घ्यावं असं मला कितीदा वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती. नाकारणाऱ्यांविषयीच्या करुणेचं हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वचन. पण त्याच अध्यायात, थोडं आधी, त्याचा संताप कुणावर आहे ते पाहा. शास्त्री आणि परुशी यांच्यावर. तुम्ही लोकांच्या तोंडावर स्वर्गाच्या राज्याचं दार बंद करता, तुम्ही स्वतः आत जात नाही आणि जाऊ पाहणाऱ्यांना जाऊ देत नाही, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे बाहेर उभा असलेला प्रत्येक जण स्वतःहून बाहेर पडला असं येशूने मानलेलं नाही. काहींना धर्म शिकवणाऱ्यांनीच बाहेर ठेवलं होतं. तुमच्या भावाची गोष्ट यातली कोणती, हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि प्रचारकाला तो ते सांगणार नाही. बहिणीला कदाचित सांगेल.

आता तुमच्या वडीलजनांच्या सल्ल्याकडे येते. पायांची धूळ झटकण्याची आज्ञा शास्त्रात आहेच. लूकच्या नवव्या अध्यायात येशू बारा शिष्यांना गावोगाव पाठवतो तेव्हा ती देतो. फिरस्त्या प्रचारकांना दिलेली ती सूचना आहे: एखाद्या गावाने तुम्हाला घेतलं नाही तर तिथे अडून बसू नका, पुढे चला. सख्ख्या भावाशी नातं कसं ठेवावं याविषयी ती नाही. पण मला इथे थांबायचं नाही, कारण तोच अध्याय पुढे वाचला तर फार मोठी गोष्ट हाती लागते.

येशू यरुशलेमकडे निघतो. वाटेतल्या एका शोमरोनी गावात त्याची माणसं उतरण्याची सोय करायला जातात, आणि तो यरुशलेमला निघाला आहे म्हणून गाव त्याला घेत नाही. शोमरोनी आणि यहूदी यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. याकोब आणि योहान भडकतात. प्रभू, आम्ही आकाशातून अग्नी उतरायला सांगून यांना भस्म करावं का? त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या काळचा संदेष्टा एलीया असणार. त्याच्या शब्दावर असा अग्नी उतरल्याची कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्यांच्या मागणीला शास्त्राचा आधार होता, हे विसरू नका. येशू वळतो आणि त्यांना धमकावतो. नाकारणाऱ्या गावाला तो काहीच म्हणत नाही. ते सगळे दुसऱ्या गावाकडे जातात.

पुढच्याच अध्यायात, शेजारी कोण या प्रश्नाला उत्तर देताना, तो दाखल्यातला दयाळू माणूस म्हणून एका शोमरोन्यालाच उभं करतो. आणि मग प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढा. फिलिप्प शोमरोनात जातो, लोक वचन स्वीकारतात, आणि यरुशलेमचे प्रेषित तिकडे दोघांना पाठवतात: पेत्र आणि योहान. तोच योहान. ज्यांच्यावर अग्नी उतरावा असं त्याला वाटलं होतं, त्या लोकांवर तो हात ठेवतो आणि त्यांना पवित्र आत्मा मिळतो. परतताना ते दोघं शोमरोन्यांच्या अनेक गावांत सुवार्ता सांगत जातात. त्या गावांत ते जुनं, दार न उघडलेलं गाव होतं का, हे लूक सांगत नाही. पण त्या दिवशी योहानाची इच्छा पूर्ण झाली असती तर त्या गावाला पुन्हा काही ऐकण्याची संधीच उरली नसती. तुमच्या वडीलजनांना धुळीचं वचन आठवलं, ते खरं आहे. त्यापुढचं सगळं त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

नीतिसूत्रांचं वचनही मी बाजूला सारणार नाही. पहिल्या अध्यायात ज्ञान एका स्त्रीच्या रूपात रस्त्यात, वेशीजवळ उभं राहून हाका मारतं, आणि ऐकणार नसाल तर तुमच्या संकटात मी हसेन असं बजावतं. वाक्य कठोर आहे. पण ते कुणाला उद्देशून आहे? समोर उभ्या असलेल्या, अजून मागे फिरू शकणाऱ्या माणसांना. 'मागे फिरा' हेही तिथेच म्हटलं आहे. इशारा ज्याला दिला त्याने तो स्वतःसाठी ऐकायचा असतो. गैरहजर माणसाविषयी निकाल म्हणून तो तिसऱ्याला वाचून दाखवणं, हा त्या वचनाचा उपयोगच नाही.

शास्त्रात राग नाही, परिणाम नाहीत, सगळं गोडच आहे, असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. होशेयाचं पुस्तक काढा. इ.स.पू. आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात हा संदेष्टा बोलत होता, आणि त्याच्या पुस्तकातल्या काही धमक्या वाचवत नाहीत. तरी अकराव्या अध्यायात देव एखाद्या बापासारखा बोलू लागतो. एफ्राइमला, म्हणजे त्याच उत्तरेकडच्या राज्याला, चालायला मी शिकवलं, त्याला कडेवर मी घेतलं, आणि मी जितकं बोलावलं तितका तो लांब गेला. मग मध्येच त्याचा स्वर फुटतो: मी तुला कसा सोडून देऊ? माझं मन आतून उलटतं. मी देव आहे, मनुष्य नाही. हे लक्षपूर्वक वाचा, ताई. देव शेवटी कंटाळेल असं आपण गृहीत धरतो, कारण आपण कंटाळतो. इथे देव स्वतःच सांगतो की माणसाच्या मापाने मला मोजू नका.

आणि तरीही इ.स.पू. 722 मध्ये अश्शूरने त्या राज्याची राजधानी शोमरोन घेतली. येशू यरुशलेम पाहून रडला, तुझ्या शांतीच्या गोष्टी तुला कळल्या असत्या तर, असं म्हणाला, आणि इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते शहर जमीनदोस्त केलं. देवाची करुणा माणसाचा नकार पुसून टाकत नाही. ती त्याच्यासाठी रडते, हाका मारते, आणि तो नकार देऊ शकतो एवढी त्याची किंमत राखते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: नाही, भावापुरती करुणा संपलेली नाही, आणि संपली असं म्हणायचा अधिकार मंडळीत कुणालाच नाही. पण तो नक्की परतेल असं वचनही मी तुम्हाला देऊ शकत नाही. ते देणाऱ्यांपासून जपून राहा.

मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस मला तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा वाटतो. तो धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनाविषयी विचारतो. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटलं, हे फक्त मार्क नोंदवतो. मग येशू अवघड गोष्ट सांगतो, असेल ते विकून गरिबांना दे, आणि माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही. अट सैल करत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप पाठवल्याचाही उल्लेख नाही. त्याला जाऊ देताना येशूचं प्रेम कमी झालं असं वाचणाऱ्या कुणालाही वाटणार नाही. तुमच्या मनात मात्र जाऊ देणं आणि प्रेम सोडणं एकच झालं आहे. रोज सकाळचं वचन थांबवलं तर आपण देवाच्या वतीने हात मागे घेतला, असं तुम्हाला वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. समोरच्याचा नकार ऐकून घेणं हेही येशूच्या करुणेतच बसतं.

तुम्ही म्हणाल, मग हरवलेल्या मेंढराचं काय? मेंढपाळ नव्याण्णव सोडून शोधायला गेलाच ना? गेला. लूकच्या पंधराव्या अध्यायात तीन दाखले ओळीने आहेत. मेंढराला शोधतात, नाण्याला शोधतात. पण स्वतः ठरवून, मालमत्तेतला आपला वाटा मागून दूरदेशी गेलेल्या मुलामागे बाप माणसं पाठवत नाही. तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावतो, म्हणजे बापाची नजर वाटेवर होतीच. आणि त्या दिवशी बापाला घराबाहेर जाऊन विनवणी करावी लागते ती थोरल्याची, कधीच घर न सोडलेल्या मुलाची. तो म्हणतो, 'हा तुमचा मुलगा'. बाप म्हणतो, 'हा तुझा भाऊ'. थोरला आत गेला की नाही, दाखला सांगत नाही. योनाचं पुस्तकही असंच अर्ध्यावर थांबतं. निनवेने पश्चात्ताप केला, पण शहराबाहेर बसून देवाची करुणा नाकारत होता तो संदेष्टा. देव त्याच्याशीही बोलत राहतो, त्याच्यावर सावलीला वेल उगवतो, आणि शेवटी विचारतो: उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं असलेल्या या शहराची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर नाही. देवाची करुणा नाकारणारे फक्त बाहेर गेलेलेच असतात, हे गृहीत जरा तपासून पाहा. हे तुम्हाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. भावाशी बोलताना आपण दोघं एकाच बापासमोर उभे आहोत एवढं मनात राहिलं, तर आवाज आपोआप बदलतो.

आता पहारेकरी. तुमची झोप उडवणारं हे वचन तुम्हाला कुणी अर्धंच दिलं आहे. यहेज्केल हा इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांपैकी एक. देव त्याला, 'मानवपुत्रा' अशी हाक मारून, इस्राएल घराण्याचा पहारेकरी नेमतो. तलवार येताना दिसली आणि पहारेकऱ्याने कर्णा वाजवला नाही, तर रक्ताचा जाब त्याच्याकडे. पण तेहतिसाव्या अध्यायाचा नववा श्लोक वाचा: इशारा देऊनही माणूस वळला नाही, तर पहारेकरी मोकळा आहे. तुमचा भाऊ रविवारच्या शाळेत शिकवत होता. त्याला सांगायचं राहिलेलं असं तुमच्याकडे काय उरलं आहे? कर्णा केव्हाच वाजला. आणि अकराव्या श्लोकात देव स्वतःच्या जिवाची शपथ घेऊन सांगतो की दुष्टाच्या मरणात मला आनंद नाही, त्याने वळावं आणि जगावं यातच आहे. पहारेकऱ्याच्या वचनाने घाबरवणाऱ्यांनी दोन श्लोक पुढे जाऊन हेही वाचावं.

रडण्याविषयी फार बोलायची गरज नाही. पौलाने रोमकरांना लिहिताना, आपल्या ज्या बांधवांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नाही त्यांच्यासाठी मला मोठं दुःख आणि अखंड वेदना आहे, असं नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच कबूल केलं. त्यांच्यासाठी मी स्वतः शापित व्हावं इथवर तो गेला. त्याचा विश्वास कमी पडत होता असं कुणी म्हणणार नाही. रडा.

मग करायचं काय? सकाळचं वचन थांबवा, आणि न सांगता थांबवू नका. त्याला लिहा: 'तू म्हणालास ते ऐकलं. यापुढे वचन पाठवणार नाही. माझा विश्वास आहे तसाच आहे, पण तुला फोन करेन तो तुझी बहीण म्हणून.' एवढंच. 'तरी प्रार्थना करत राहीन' हे शेपूट जोडू नका. प्रार्थना जरूर करा. ती त्याला ऐकवलीत की तिचा दबाव होतो. फोनवर त्याचं काम, त्याची तब्येत, त्याला सध्या काय आवडतं, हे विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. काही आठवडे त्याला संशय येईल की हा नवा डाव आहे. येऊ द्या. आणि खरंच डाव नसू द्या. 'गोड वागलं की तो परत येईल' हे मनात ठेवून केलेला फोन त्याला पहिल्या मिनिटात ओळखू येईल.

केव्हातरी, त्याच्या कलाने, एवढं विचारा: 'तेव्हा मंडळीत तुझ्याशी जे झालं त्यात माझं काही चुकलं का?' उत्तर ऐकताना मंडळीचा बचाव करू नका, वचन सांगू नका. काही चुकलं असेल तर माफी मागा, तीही विनाअट.

तो स्वतःहून विश्वासाविषयी विचारेल तेव्हा बोला, मनापासून बोला. पेत्राच्या पहिल्या पत्रात तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असा, असं म्हटलं आहे. विचारणाऱ्याला. त्याला न सांगता घरी पाळकांना बोलावून ठेवणं, घरातल्या समारंभात सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन प्रार्थना करणं, हे करू नका, आणि दुसऱ्या कुणी केलं तर तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहा.

अशीच पत्रं आई-वडिलांची आणि जोडीदारांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. मुलगा किंवा मुलगी सज्ञान असेल तर वरचं जवळजवळ सगळं लागू आहे. फक्त घरात राहण्याची, शिक्षणाच्या खर्चाची किंवा वारशाची अट म्हणून उपासना कधीही पुढे करू नका. जोडीदाराच्या बाबतीत पौल करिंथकरांना विचारतो, तू आपल्या नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? कुणाला तारणं हे आपल्या हातातलं काम नाही, आणि त्या ओझ्याखाली संसार मोडायला नको. पेत्र पत्नींना शब्दांवाचून वागणुकीने जिंका म्हणतो, त्याचा आधार घेऊन मारहाण सोसायला कुणी सांगत असेल, तर तो सल्ला मानू नका. आधी सुरक्षित जागी जा.

राहिला तुमचा सगळ्यात जड प्रश्न, तो तसाच गेला तर. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम नाशाच्या छायेतल्या सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? असं करत दहांवर येतो. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्यायाने वागणार नाही का, असं तो देवाला तोंडावर विचारतो, आणि देव रागावत नाही, प्रत्येक वेळी उत्तर देतो. शहर वाचलं नाही. पण तिथे राहणाऱ्या त्याच्या पुतण्याला, लोटाला, बाहेर काढलं तेव्हा देवाने अब्राहामाची आठवण केली, असं तिथे लिहिलं आहे. म्हणून प्रार्थनेत फार सांभाळून बोलू नका. भावाला ज्या हट्टाने पटवून द्यायचा प्रयत्न करत होतात, तितक्याच हट्टाने देवाला त्याच्याविषयी सांगा: तो लहानपणी कसा होता, मुलांना किती जीव लावून शिकवायचा, त्याला कुणी आणि कसं दुखावलं. राग आला तर तोही सांगा. आणि या आठवड्यात त्याला फोन करा.